समुद्राच्या वाहत्या पाण्याचे दीर्घ एक्स्पोजर: फिल्टर कोणता घ्यावा आणि वेळ कोणती साधावी?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. कातळांवरून ओघळणाऱ्या समुद्राच्या पाण्याची, ज्यांत लाटांऐवजी धुके किंवा पांढऱ्या धारा दिसतात अशी छायाचित्रे काढायला मला शिकायचे आहे. माझ्याकडे डीएसएलआर कॅमेरा, त्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड आहे. वांद्र्याच्या बँडस्टँडवर संध्याकाळी पाचच्या सुमारास आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि एफ/२२ (लेन्सचे छिद्र अगदी बारीक) ठेवून शटर एक सेकंद उघडे ठेवले, तर चित्र संपूर्ण पांढरे होते; वेळ कमी केली तर उजेड बरोबर येतो, पण लाटा गोठल्यासारख्या दिसतात. अंधार पडल्यावर पाणी हवे तसे मिळते, परंतु तोवर आकाशाचा रंग गेलेला असतो. एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच) कितीचा घ्यावा, शटर किती वेळ ठेवावे आणि मुंबईत सरावासाठी कोणती जागा व वेळ योग्य, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काळा कातळ

चित्र पांढरे होण्याचे कारण सरळ आहे: त्या वेळेचा उजेड एक सेकंदाला फार जास्त आहे, आणि तो केवळ ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, बारीक करून रोखता येणार नाही. एफ/२२ तर टाळाच, कारण छिद्र इतके लहान झाले की विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेवर प्रकाश वाकून पसरल्यामुळे, संपूर्ण चित्राची धार जाते आणि कातळाचा खडबडीत पोत, जो अशा चित्राचा अर्धा जीव असतो, तोच मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा आणि उरलेले काम फिल्टरकडे सोपवा.

फिल्टरचा प्रत्येक स्टॉप प्रकाश निम्मा करतो, त्यामुळे सहा स्टॉपचा, म्हणजे एनडी ६४, शटरची वेळ ६४ पट वाढवतो आणि दहा स्टॉपचा, म्हणजे एनडी १०००, सुमारे हजार पट. सूर्यास्ताच्या थोडे आधी फिल्टरशिवाय तुमचे माप एफ/११ ला १/३० सेकंद येत असेल, तर एनडी ६४ लावून ते सुमारे २ सेकंद होईल आणि एनडी १००० लावून ३० सेकंदांच्या पुढे जाईल. नवे लोक बहुधा दहा स्टॉपचाच आधी घेतात, पण माझे ठाम मत आहे की पहिला फिल्टर सहा स्टॉपचा असावा. मुंबईच्या काळ्या बेसाल्टवरून लाट ओसरताना फेसाच्या ज्या धारा उतरतात, त्या अर्ध्या ते दोन सेकंदांत स्पष्ट उमटतात. ३० सेकंदांत त्या एकमेकींत मिसळून नुसते धुके उरते. धुके वाईट नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या खांबांभोवती ते शोभून दिसते, मात्र तिथे पाण्याने मागे सरायचे असते आणि सेतूने पुढे यायचे असते. पाणी हाच विषय असेल तेव्हा त्याचा आकार टिकला पाहिजे. शटर दाबण्याची घटकाही महत्त्वाची आहे: लाट आदळताना दाबू नका, ती कातळावर चढून परत फिरू लागली की दाबा.

फोकस फिल्टर लावण्यापूर्वी करून घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका, कारण दाट फिल्टरमागे कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. ३० सेकंदांहून जास्त वेळ हवा असेल तर बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडे ठेवण्याची सोय) आणि रिमोट लागेल. फिल्टर घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेला व्यास पाहा. पुढे मोठी लेन्स घेण्याचा विचार असेल तर फिल्टर मोठ्या व्यासाचा घेऊन स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) वापरणे स्वस्त पडते. फोर्टातील बोरा बाजारात हे सर्व हातात घेऊन पाहता येते.

वरळीचा वारा

वरील उत्तर फिल्टरपुरते पूर्ण आहे, पण मुंबईत शटरच्या आधी भरती-ओहोटी शिकावी लागते. फिल्टर कितीही चांगला असला तरी पाणी कातळापासून दूर गेले असेल तर काढायचे काय? आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित असे आहे की चालू पक्षाच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. तीच वेळ दिवसा आणि तीच रात्री, थोड्या फरकाने. भरती रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते म्हणून हे जमते. नेमकी वेळ आणि उंची भरतीच्या तक्त्यात पाहावीच, परंतु महिन्याची आखणी करायला दिनदर्शिका पुरते.

यातून छायाचित्रकाराला जे मिळते ते असे. पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी फार खोल मागे गेलेले असते. बँडस्टँडला तेव्हा डबकी आणि प्रतिबिंबे मिळतील, लाट मिळणार नाही. तृतीया ते पंचमी या संध्याकाळी मला सर्वांत चांगल्या वाटतात: भरती दुपारी होऊन गेलेली असते आणि सूर्यास्ताला पाणी कातळांमधून उतरत असते, म्हणजे धाराही मिळतात आणि मागची वाटही मोकळी होत जाते. नवमी ते त्रयोदशी मात्र उलटे आहे. दशमीला भरती साडेसातच्या आसपास, म्हणजे ज्या प्रकाशासाठी आपण थांबतो त्याच वेळी पाणी चढत असते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असलेल्या माणसाला पाठीमागची घळ भरलेली कळत नाही. त्या दिवसांत कातळावर उतरू नका. वरळी सीफेसच्या कठड्यामागून किंवा हाजीअलीच्या रस्त्यावरून काढा. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते, ते दृश्य दुरूनच काढण्याजोगे आहे.

पावसाळ्यात हे सर्व बाजूला ठेवावे. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. त्या दिवशी किनाऱ्याला पाठ दाखवणेच योग्य.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. तिथीचे गणित मला ठाऊक नव्हते. एक शंका राहिली: अंधारात काढलेल्या चित्रांत पाणी छान येते, पण कातळही किंचित हललेला दिसतो. दोष ट्रायपॉडचा असावा का? आणि पावसाळ्यात सराव पूर्ण थांबवावा लागेल का?

झऱ्याकाठी

ट्रायपॉडचा मधला दांडा वर उचलू नका, सर्वांत बारीक पाय शक्यतो बाहेर काढू नका, आणि खाली कॅमेऱ्याची बॅग अशी अडकवा की ती वाऱ्याने झुलणार नाही. वाळूत पाय दाबून खोल रोवा, नाहीतर लाट येऊन गेली की ते खचतात. लेन्समधील स्थिरीकरण बंद करा, कारण स्थिर कॅमेऱ्यावर ते स्वतःच हालचाल निर्माण करू शकते. शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडा. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा आणि कॅमेरा किंचित ओल्या फडक्याने पुसा, खाऱ्या वाऱ्यात सांधे लवकर धरतात.

सराव थांबवण्याची गरज नाही. पावसाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूला लहान ओढे वाहतात, आणि तिथे झाडीखाली उजेड इतका कमी असतो की एफ/११ ला, आयएसओ १०० वर, पाव ते एक सेकंद फिल्टरशिवायही मिळतो. तिथे एनडीपेक्षा पोलरायझर, म्हणजे परावर्तित चमक रोखणारा फिल्टर, घ्या. ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चमक त्याने जाते, हिरवा रंग खरा उमटतो आणि दीड ते दोन स्टॉप प्रकाशही कमी होतो. पाव सेकंदापासून सुरुवात करून वेळ दुप्पट करत जा आणि तोच ओढा, त्याच जागेवरून, प्रत्येक वेळेला काढा. पाणी कुठे तुटक दिसते, कुठे धार धरते आणि कुठे नुसता पांढरा पट्टा होते, हे शेजारी ठेवून पाहिले की समुद्रावर अंदाज बांधणे सोपे जाते. मुसळधार पावसानंतर ओढ्याला अचानक पाणी चढते, म्हणून पात्राच्या मध्यभागी ट्रायपॉड लावू नका. सोमवारी उद्यान बंद असते.