एसएसच्या नळ्या, एमएसची ट्यूबप्लेट: एक्सपांड करूनही पाझरतंय

उद्यमबाग_फॅब
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं शॉप आहे. चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या ज्यूस हीटरचं (उसाचा रस तापवायचं यंत्र) रिट्यूबिंग, म्हणजे नळ्या बदलायचं काम, घेतलंय. आधी पितळेच्या नळ्या होत्या, आता एसएस (स्टेनलेस स्टील) 304, बाहेरचा व्यास 45 मिमी, जाडी 1.2. ट्यूबप्लेट (नळ्यांची टोकं जिच्या भोकांत बसतात ती प्लेट) जुनीच, एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची. हायड्रोला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) सात-आठ नळ्या पाझरल्या. पुन्हा एक्सपांडर (नळी आतून फुगवून भोकात घट्ट बसवणारं रोलरचं हत्यार) मारला तर त्या थांबल्या आणि शेजारच्या सुरू! फिटर म्हणतो, "मालक, पितळेला असं कधी झालं नव्हतं, हे अजून गळूलालंय की." कारखान्याचे साहेब म्हणतात, वेल्ड मारून मोकळे व्हा. मारू का?

जुना_फिटर_निपाणी
थांबा. आधी प्लेटचं भोक मोजलंय का? पितळ मऊ, वेड्यावाकड्या भोकातही बसतं. एसएस दाबलं की कडक होतं आणि थोडं मागे येतं. परत परत मारलं तर नळी पातळ होते आणि शेजारचं भोकही हलतं. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

हिशेब करा. भोक 45.5 असेल तर फट 0.5. नळीचा आतला व्यास 42.6, म्हणजे 43.1 ला नळी फक्त भोकाला टेकली. त्यापुढे जाडीत पाच टक्के घट धरली तर आतून 0.12 मिमी वाढ. बस्स, 43.22 ला थांबायचं! मोटरच्या आवाजावर एक्सपांडर चालवणारे आम्ही सगळे (मीपण त्यातलाच होतो) इथंच फसतो. आणि प्लेटच्या मागच्या तोंडाबाहेर रोलर जाऊ देऊ नका, नळी तिथंच कापली जाते.

टिगवाला_खानापूर
वेल्ड करायचंच झालं तर टिग (आर्क वेल्डिंगचा एक प्रकार), फिलर म्हणजे जोडात भरायची तार 309एल. 308 घेऊ नका. एमएस त्यात मिसळलं की जोड कडक होऊन चिरतो. आर्क प्लेटवर धरा, 1.2 ची नळी क्षणात वितळते. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे: एक्सपांड आणि हायड्रो झालंय, म्हणजे फटीत पाणी आणि तेल अडकलंय. तापवलं की वाफ वेल्डमधूनच बाहेर येणार, छिद्रंच छिद्रं. नव्या कामात आधी वेल्ड, मग वेल्डपासून जरा आत सोडून एक्सपांड. वाफेला वाट राहते.

पितळेला मात्र हा नाद नको, त्यातलं जस्त 907 अंशांना उकळतं. टायटॅनियम तर पोलादाला वितळवून जोडतच नाहीत, मधला थर काचेसारखा ठिसूळ होतो.

उद्यमबाग_फॅब
आज बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) उसना आणला. पाझरणाऱ्या आठांपैकी पाच भोकं लंबवर्तुळाकार, एक तर एका बाजूनं 46.1! आत जुन्या नळ्या काढताना छिन्नीनं पडलेले उभे ओरखडेही आहेत, नखाला लागतात. पाणी तिथूनच येतंय. ती पाच रीम करून (कापून पुन्हा गोल करून) त्यात बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, घालतो. साहेबांना फोटो पाठवलेत.

जुना_फिटर_निपाणी
छिन्नी कुणाची होती ते विचारू नका, आमच्याच पिढीतल्या कुणाची तरी असणार.