मूडलवर कोर्सचा मूळ फॉन्ट शिक्षकाला ठरवता येतो का? (‘ल’ची भानगड)

सांगलीच्या बाई

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण आधी फजिती सांगते.

मी सांगली जिल्ह्यात डी.एल.एड.च्या मुलामुलींना मराठी शिकवते. जत, आटपाडी, शिराळा, कुठूनकुठून येतात. ही पोरं उद्या पहिलीच्या वर्गात फळ्यावर अक्षर काढणार आणि समोरची चिल्लीपिल्ली ते गिरवणार. त्यामुळे अक्षराचं वळण हा आमच्याकडे हौसेचा मामला नाही, त्याला गुण आहेत. ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, असं २००९ च्या शासन निर्णयात आहे आणि ते मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर दोन मिनिटांचं काम.

यंदा तो पाठ मूडलवर, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर, टाकला. वर्डमध्ये यशोमुद्रा फॉन्टात टाइप केला होता. एक वाक्य असं होतं: ‘ल’ असा काढावा, ‘ल’ असा काढू नये. दुसरा ‘ल’ मुद्दाम हिंदी वळणाच्या फॉन्टात घेतला होता, म्हणजे फरक दिसेल. लॅपटॉपवर झकास दिसत होतं. तिथून उचललं, कोर्समध्ये चिकटवलं आणि झोपायच्या तयारीला लागले. पावणेदहाला एका मुलीचा मेसेज: “मॅडम, दोन्ही सेमच आहेत. नक्की कुठला काढू नये?” उघडून बघते तर दोन्ही दंडाचे, म्हणजे त्या हिंदी वळणाचे! (आत्ता इथं तुम्हांलाही ते दोन सारखेच दिसत असणार. कुठल्या वळणाचे, ते तुमचा फोन जाणे.)

एडिटरमध्ये ठळक, तिरपं, यादी, चित्र सगळं आहे, फॉन्टचं बटण तेवढं नाही. संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात विचारलं, तर “एका बाईंसाठी साइटचा फॉन्ट बदलत नसतात” असं उत्तर मिळालं. अहो, साइट कोण मागतंय? माझ्या कोर्सपुरता मूळ फॉन्ट मला ठरवू द्या, तोही एकदाच. दर परिच्छेदाला रंगरंगोटी मलाही नको आहे. असं कुठं करता येतं का?

अजिंक्यताऱ्याखालचा ॲडमिन

मॅडम, मी साताऱ्यात एका कॉलेजचं मूडल सांभाळतो, म्हणजे तुमच्या त्या कॉम्प्युटर विभागाच्याच जातकुळीतला. तरी सांगतो, एका कोर्ससाठी फॉन्ट बदलता येतो. मूडल प्रत्येक पानाच्या कोडमध्ये, बॉडी टॅगला, कोर्सचा क्रमांक क्लास म्हणजे खुणेची चिठ्ठी म्हणून लावतं. ॲडमिनने बूस्ट थीमच्या (थीम म्हणजे साइटचं रूप) सेटिंगमध्ये ‘रॉ एससीएसएस’ या रूपाचे नियम लिहायच्या चौकटीत तुमच्या कोर्सच्या क्लासला फॉन्ट दिला की तेवढाच कोर्स बदलतो. दोन ओळींचं काम, चहा निवायच्या आत होतं.

‘अलाऊ कोर्स थीम्स’ नावाचं एक सेटिंगही आहे. ते चालू केलं की शिक्षक आपल्या कोर्सची थीम स्वतः निवडतो. मी एकदा केलं होतं. आठवड्याभरात प्रत्येक कोर्सचा चेहरा वेगळा, आणि “सर, असाइनमेंट कुठं गेली” म्हणून पोरांचे फोन मला. बंद करून टाकलं.

पण खरं सांगू का, तुमचं दुखणं फॉन्टच्या बटणाचं नाहीच. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, पाकळीचा ल आणि दंडाचा ल अशी दोन अक्षरं नाहीत. ०९३२ हा एकच क्रमांक आहे. वळण फॉन्ट ठरवतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात. मजकूर मराठी आहे असं पानाने सांगितलं तर तो पाकळीचा ल काढतो, नाही सांगितलं तर दंडाचा. तुमचं मूडल इंग्रजी मेनूवर चालत असणार, म्हणजे पान ब्राउझरला सांगतंय की मी इंग्रजी. त्यानं तरी कुठून ओळखायचं?

कोर्स सेटिंगमध्ये ‘अपिअरन्स’खाली ‘फोर्स लँग्वेज’ आहे. ते सहसा शिक्षकालाच बदलता येतं. तिथं मराठी निवडा. यादीत मराठी नसेल तर भाषेचा पॅक ॲडमिनकडून टाकून घ्यावा लागेल. तेवढंही जमत नसेल तर एडिटरच्या एचटीएमएल दृश्यात जा, मजकुराभोवती एक डिव्ह (मजकूर गुंडाळणारा टॅग) घाला आणि त्याची लँग, म्हणजे भाषा, ‘एम आर’ (मराठी) अशी द्या. याला कुणाची परवानगी लागत नाही.

मिरजेचा खिळेवाला

बाई, मी आधी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले आणि ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं यंत्र) बंद पडल्यावर कॉम्प्युटरवर डीटीपी केलं. लेखक कागद घेऊन यायचा, टाइप आम्ही ठरवायचो. त्यानं फार तर “जरा ठसठशीत घ्या” म्हणायचं. केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, जो ल भरलाय तोच सगळ्या पुस्तकाला. मुंबई वळणाचा टाइप घेतला तर मुंबई, कलकत्त्याचा घेतला तर कलकत्ता. तुमच्यासारखं कुणी दोन्ही शेजारी मागितले असते तर एकाचा ब्लॉक करून आणायला लागला असता आणि त्याचे पैसे वेगळे.

मास्तर लोकांच्या हातात फॉन्ट दिला की काय होतंय ते मला लग्नपत्रिकांनी शिकवलंय. एकाच पत्रिकेत नवरीचं नाव वेलबुट्टीत, मामाचं जाड ठोकळ्यात, आणि “आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं” बोबड्या अक्षरात. वाचणाऱ्याचे डोळे फिरत्यात. तवा फॉन्ट निवडायला देऊ नये असं माझं मत. राग मानू नका.

आमच्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली. तिथं फॉन्टबिंट काही नव्हतं, कोरणाऱ्याचा हात हाच फॉन्ट. फळ्यावर तुमचा हात असतोय तसा.

कराडचे जुने सर

बाईंच्या प्रश्नात माझा एक घुसवतो. माझ्या सगळ्या नोट्स जुन्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात, आहेत. मूडलवर चिकटवल्या की रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसते. कोर्सला श्रीलिपीचा फॉन्ट दिला तर काम होईल ना?

अजिंक्यताऱ्याखालचा ॲडमिन

सर, दिसेल, पण देऊ नका. त्या फायलींच्या आत मराठी नाहीच. आत भलतेच क्रमांक आहेत, फॉन्टने वरून मराठी मुखवटा चढवलाय. मुलांनी ‘अलंकार’ शोधलं तर सापडणार नाही, आणि ज्याला दिसत नाही त्या मुलाचा स्क्रीन रीडर तीच खिचडी वाचून दाखवेल. एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर अर्धा र तेवढा डोळ्यांत तेल घालून तपासा. आमच्याकडे एका नोटिशीत स्वयंपाकाच्या आचाऱ्यांना बोलावलं होतं, छापून आलं आचार्यांना.

पाटणची गुरुजीण

दोन्ही बाजू वाचल्या. मुलांना कुणी विचारणार का? मला चष्म्यानेही बारीक दिसत नाही, म्हणून मी फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय. शिक्षकाने ठरवलेल्या फॉन्टने ते मोडलं तर मी तो कोर्स वाचणार नाही, सरळ आहे. मूळ फॉन्ट शिक्षकाचा असू दे, पण आकार आमचा राहू दे. दुसरं, आमच्याकडे पोरं मूडल ॲपवरच बघतात. तिथं थीममधला फॉन्ट दिसतो का?

अजिंक्यताऱ्याखालचा ॲडमिन

नाही. ॲप साइटची थीम घेत नाही. त्याच्यासाठी ॲडमिनला रूपाच्या नियमांची वेगळी सीएसएस फाइल द्यावी लागते. डिव्हमधली लँग मात्र मजकुराबरोबर ॲपमध्येही जाते. पुढचं फोनमधल्या फॉन्टवर.

सांगलीच्या बाई

मंडळी, करून बघितलं.

‘फोर्स लँग्वेज’ आधी केलं. ल पाकळीचा झाला, मीही खुलले. पण मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी झाले आणि “मॅडम, क्विझ कुठं गेली” सुरू झालं. काढून टाकलं. मग एचटीएमएलमध्ये शिरून डिव्ह घातला. पहिल्यांदा शेवटचा टॅग लावायचा विसरले, तो तपशील राहू दे.

जतन केलं आणि बघते तर आता दोन्ही ल पाकळीचे! ‘ल’ असा काढावा, ‘ल’ असा काढू नये. पुन्हा तेच, फक्त उलट्या बाजूने. पाच मिनिटं हसत बसले. मग चूक दाखवायच्या त्या एका ‘ल’भोवती वेगळा स्पॅन (डिव्हसारखाच, पण ओळीतल्या एखाद्या अक्षरापुरता टॅग) घातला आणि त्याची लँग ‘एच आय’ केली. मराठीच्या पाठात एकच अक्षर हिंदी. आता फरक दिसतोय.

खिळेवाले काका, राग नाही. पण तुमच्या केसमध्ये निदान एक ल पक्का होता. माझ्या बावीस पोरांकडे बावीस केस आहेत आणि त्या कुणी भरल्यात ते मला माहीत नाही. म्हणून कोर्सपुरत्या फॉन्टची मागणी मी मागे घेत नाही. आमच्या लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर डिव्ह घालूनही दोन्ही दंडाचेच दिसतात, तिथं दुसरा इलाज नाही. पाटणच्या ताई, आकाराला हात लावणार नाही, शब्द देते. ॲडमिनदादांच्या त्या दोन ओळी कागदावर लिहून कॉम्प्युटर विभागात दिल्यात. साहेब सोमवारी येतील म्हणे.

मेसेज करणाऱ्या मुलीला पुन्हा पान उघडायला सांगितलं. तिला दिसलं. तिच्या शेजारच्या जतच्या पोराला मात्र अजून दोन्ही सारखेच दिसतात. त्याने फोनला कुठलासा मोत्यासारख्या अक्षरांचा फॉन्ट लावून ठेवलाय आणि तो काढायला तयार नाही.