नाथसागरात वल्हवत दोन दिवस : जावं, की काठावरच थांबावं?

गंगापूरकर (धागा सुरू करणारा)

मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण दोन दिवसांची जलसहल काढायचं म्हणतोय. तीन कॅनू आहेत. कॅनू म्हणजे लांबट, उघडी, दोघांची होडी. मोटर नाही, एका पात्याच्या वल्ह्यानं चालते. कायगाव टोक्याला, प्रवरा गोदावरीला मिळते तिथून, पाण्यात उतरायचं आणि डावा काठ धरून जायकवाडीच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागच्या नाथसागरात, शिरायचं. दिवसाला सहा-सात किलोमीटर, त्याहून जास्त नाही. घाई कुठलीच नाही. भाकरी-ठेचा बांधून न्यायचा, दुपारी बाभळीखाली पडायचं, संध्याकाळी काठावरच्या गावात मुक्काम.

माझं मत आधीच सांगतो : हे व्हायला हवं. १९७६ साली धरण पूर्ण झालं, तेव्हापासून आपण संभाजीनगरकर हे पाणी पितोय आणि बघतो मात्र फक्त भिंतीवरून. मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या पाझर तलावात कॅनू घातली होती. वल्हं मांडीवर ठेवून गप्प बसलो, तर एक कमळपक्षी दहा हातांवरून पानापानावर पाय टाकत गेला. पान दबायचं, कडेनं पाणी वर यायचं, पण तो बुडायच्या आत पुढच्या पानावर. इतकी वर्षं दुर्बिणीतून बघून हे मला कधी दिसलं नव्हतं. पाण्याच्या पातळीला बसल्यावरच दिसलं.

तुमचं काय म्हणणं? विरोध असेल तर तोही मोकळेपणानं सांगा.

पाणपाखरू

विरोध आहे, आणि पूर्ण आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला फुगवटा म्हणताय ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथं होडी घालता येत नाही. तुमच्या सगळ्या बेतात परवानगीचा एक शब्द नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डिसेंबरात पट्टकादंब आलेले असतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा पक्षी आहे हा. रात्री आणि पहाटे काठच्या हरभऱ्यात, गव्हात चरतो आणि दिवसा पाण्यावर, चिखलाच्या पट्ट्यावर विसावतो. म्हणजे तुमची वल्हवायची वेळ तीच त्याची विश्रांतीची वेळ. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी सोनेवाडीच्या काठावर होते. सहलीला आलेली एक होडी तासाभरात तीनदा थव्याच्या दिशेनं गेली आणि तीनही वेळा सगळा थवा उठला. तिसऱ्यांदा उठला तो परत बसलाच नाही. मार्चमध्ये त्याला हजारो किलोमीटर परत जायचं असतं. अंगावरची चरबी हीच त्याची शिदोरी, आणि ती आपण त्याला उगाच उडवून संपवतो.

काठावरून बघा. पाय ओले नाही झाले तरी चालतं.

गंगापूरकर

परवानगीचं लिहायचं राहिलं, ती काढणार आहोतच. पण तुम्ही पाहिलेली होडी मोटारीची होती ना? कॅनूला आवाज नाही, लाट नाही, डिझेल नाही. दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

टॅम्पावासी_जालनेकर

मी मूळचा जालन्याचा, नऊ वर्षं फ्लोरिडात आहे. गंगापूरकरांच्या बाजूनं बोलतो.

इथलं एव्हरग्लेड्स हे १९४७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथं कॅनूला बंदी नाही, उलट आखलेल्या वाटा आहेत. नाइन माइल पॉन्ड नावाची एक वाट आहे, साधारण पाच मैलांचा फेरा. पाण्यात पांढरे खांब रोवलेत आणि त्यांवर आकडे आहेत. एक खांब मागे पडला की पुढचा शोधायचा, एवढंच काम. बायको आणि सात वर्षांची मुलगी घेऊन गेलो होतो. पाणी बऱ्याच ठिकाणी कमरेच्याही खाली, दोन्ही अंगांना खारफुटी आणि लव्हाळ्यासारखं उंच, करवती पात्यांचं गवत. एका वळणावर मगर काठावर ऊन खात पडली होती. आम्ही वल्ही उचलून धरली आणि होडी आपसूक पुढं सरकू दिली. मुलीनं तेवढा वेळ माझ्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं.

लोक तिथंही डिसेंबर ते एप्रिलच जातात. तो कोरडा हंगाम. डास कमी, आणि पाणी आटत जाईल तसे मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात, त्यांच्यामागं बगळे आणि करकोचे. पाण्यातच रात्र काढायची तर लाकडी मचाणं बांधलीत, त्यांना चिकी म्हणतात. त्यासाठी परवाना लागतो आणि त्या रात्री तिथं किती माणसं राहणार तेही ठरलेलं असतं.

सांगायचं एवढंच की पक्षी वाचवायचे म्हणजे माणूस बाहेरच ठेवायचा, असं नाही. वाट आखून द्या, माणसं मोजून सोडा. जो पाण्यात जाऊन आला तो त्या पाण्यासाठी भांडतो.

भोईवाडा_पैठण

सगळ्यांचं वाचलं. पक्ष्यांचं ताईंना ठाऊक, मी पाण्याचं सांगतो. आमच्या तीन पिढ्या ह्याच पाण्यावर जगू राहिल्या.

नाथसागर हे निवांत पाणी नाही, दादा. सकाळी बघाल तर आरशावानी. अकरा-बाराला वारं सुटलं की तेच पाणी वळखू येत नाही. पंचावन्न किलोमीटर लांब आन् सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद पाणी आहे, मधी ना झाड ना टेकडी. वाऱ्याला पळायला एवढं रान मिळालं की लाट मोठी होनारच. तुमची होडी उघडी, काठ वीतभर. आडवी लाट दोनदा आत आली की बसल्या जागी भरती.

दुसरं म्हणजे जाळी. पांढऱ्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की समजायचं खाली जाळं आहे. मागच्या साली एका हौशी मंडळीचं वल्हं आमच्या जाळ्यात अडकलं. त्यांनी चाकूनं कापलं आन् निघून गेले. आमच्या बापानं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते जाळं आठ दिवस शिवलं. तेवढे दिवस चूल उसनवारीवर.

तिसरं, काठानं जायचं म्हनता तर काठालाच जास्त धोका. पाणी उतरलं की शेतकरी मोटारी पुढं पुढं सरकवतात. पाइप आन् केबल पाण्यातून जातात, जोड कुठं उघडा असंल सांगता येत नाही. बुडालेल्या बाभळींचे बुंधे पाण्याखाली वीतभर असतात, वरून दिसत नाहीत.

पाणपाखरू

भोईवाडा दादांनी मला न सुचलेलं सांगितलं. आता टॅम्पावासींना उत्तर देते.

तुमच्या एव्हरग्लेड्समध्ये खारफुटी आहे. होडी वळणाआड असते, पक्ष्याला ती जवळ आल्यावरच दिसते, आणि मधे झाडाचा पडदा असतो. वाराही तीच झाडं अडवतात. नाथसागर उघडा आहे. तिथं पाण्यावरचं माणसाचं डोकं थव्याला किलोमीटरभरावरून दिसतं. खांब कितीही रोवलेत तरी लपायला जागा कुठून आणणार? तिथली पद्धत इथं जशीच्या तशी चालणार नाही.

आणि गंगापूरकर, पाण्याचं गणितही तुमच्या विरोधात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, होडी कुठूनही जाते, पण पाहुणे पक्षी थोडे. जानेवारीनंतर कालव्यांना पाणी सुटत राहतं, पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यायला लागतात. त्यांना तेच उथळ पाणी लागतं, चोच उलटी धरून गाळ गाळायला. म्हणजे रोहित असतात तेव्हा तुमची होडी गाळात रुतते आणि होडी चालते तेव्हा रोहित नसतात.

बुडीत_गावचा

मी गंगापूरकरांच्या बाजूनं.

जायकवाडीखाली ११८ गावं गेली. त्यातलं एक आमचं. आजी असेपर्यंत पाण्याकडं पाठ करून बसायची. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं तेव्हा वडील मला चालत घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळात घराचं जोतं उभं होतं, उंबऱ्याचा दगड जागेवर. वडील त्या दगडावर बसले, चपला मात्र बाहेर काढून ठेवल्या होत्या.

काठावर थांबा म्हणणं सोपं आहे, ताई. तुमच्यासाठी ते पक्ष्यांचं पाणी. माझ्यासाठी त्या पाण्याखाली गल्ली आहे, पार आहे, विहीर आहे. त्यावरून हळू, आवाज न करता, हातानं वल्हवत जाण्याइतकी आदराची दुसरी रीत मला ठाऊक नाही. थवे दिसले तर वळू. पण जाऊच नका, हे मला मान्य नाही.

गंगापूरकर

बुडीत गावचा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

भोईवाडा दादा, जाळं कापल्याचं वाचून वाईट वाटलं. वाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. पाझर तलावात पलीकडचा काठ हाकेवर असतो.

निवृत्त_पाटबंधारे

एक तिसरी वाट सुचवतो. सगळे धरणाच्या वरच्या अंगाला बघताहेत, खालच्या अंगाला बघा.

पैठणच्या खाली गोदावरीवर ओळीनं बंधारे आहेत : आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, आणखी खाली लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल. पावसाळा सरता सरता दारं बंद करून पाणी अडवलं की मागे लांबच लांब संथ डोह तयार होतो. संथ पाणी म्हणतात ते हे. पात्र अरुंद, दोन्ही बाजूंना उंच दरडी, त्यामुळे वारा वरून निघून जातो. खंड्या, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर. मोठे थवे नाहीत, त्यामुळे उठवण्याचा प्रश्नही कमी. आपेगाव तर ज्ञानोबांचं जन्मस्थान. घाटावर होडी लावून दर्शन घेता येईल.

सावधगिरी मात्र पक्की हवी. बंधाऱ्याच्या दारांजवळ जायचं नाही, ना वरून ना खालून. पैठणचं जलविद्युत केंद्र चालू झालं की नदीत पाणी येतं, पंधराशे क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला पंधराशे घनफुटांच्या, आसपास. निघण्याच्या आदल्या दिवशी धरणावर आणि बंधाऱ्यावर, दोन्हीकडं विचारा. पोहायला कुणीही उतरू नये. वाळू उपशाचे खड्डे पात्रात आहेत, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की माणूस बुडेल इतकं खोल. लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटापासून अंगात हवं, होडीत पायाशी ठेवलेलं नको.

टॅम्पावासी_जालनेकर

हे जमेल. पण नाथसागर कायमचा सोडून देऊ नका. आज वाट आखा अशी मागणी केली नाही तर उद्याही मोटारबोटीच येतील.

पाणपाखरू

बंधाऱ्याला माझा आक्षेप नाही. नाथसागराला अजूनही आहे.

गंगापूरकर

ठरवलं. दोन दिवस आपेगाव-हिरडपुरीच्या डोहात. नाथसागरात फक्त एक सकाळ, तीही वनविभागाचं पत्र हातात आलं तरच. नाही आलं तर नाही. बुडीत गावचा, त्या सकाळी माझ्या होडीत पुढची जागा तुमची. वडिलांना यायचं असेल तर त्यांची.

भोईवाडा_पैठण

पत्र आलं तर आमच्या अण्णांना पुढं घ्या, ते तराफ्यावर, तुम्ही मागं. साडेसहाला पाण्यात, साडेनवाला भाईर. जाळी कुठं टाकली ते त्यांना पाठ आहे. आन् उतरताना बूट घालू नका. गाळ बूट धरून ठेवतो, पाय निघतो, बूट राहतो. अनवाणी या, पाय सपाट टाका.

बुडीत_गावचा

वडिलांना विचारलं. आधी नको म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, विहीर पाराच्या उगवतीला होती, तिथून नेतील का विचार.

पाणपाखरू

मी त्या सकाळी काठावर दुर्बीण घेऊन असेन. कळप उठला तर वेळ आणि अंतर दोन्ही टिपून इथंच लिहीन. नाही उठला तर तेही लिहीन.