लिलाव चालू असताना विक्रेत्याला खासगीत भाव सांगावा का? (ईबेवरची जुनी पेनं)

दौत_टाक
ईबेवर सात दिवसांचा लिलाव लागलाय, सुरुवात ९.९९ डॉलरपासून. विकणारा घरातलं जुनं सामान काढणारा आहे, शीर्षक नुसतं 'जुनं पार्कर पेन'. फोटोत मात्र प्लम (जांभळट) रंगाचं पार्कर ५१, म्हणजे पार्करचं '५१' नावाचं फाउंटन पेन, स्पष्ट ओळखू येतं. हा रंग थोडाच काळ निघाला, म्हणून जाणकारांचा डोळा त्यावर असतो. अशा वेळी विक्रेत्याला 'लिलाव बंद करा, ६० डॉलर देतो' असा निरोप पाठवावा का?

माझं मत असं: एकही बोली पडलेली नसेल तर विचारायला हरकत नाही. पहिली बोली पडली की विषय संपला. पुढचं जे काही असेल ते बोलीतून.

बोली नसताना विचारायची रीत साधी आहे. 'ऑफर' द्यायचं बटण असेल तर तेच वापरा. नसेल तर 'आपण याला अमुक किमतीचं थेट खरेदीचं बटण जोडाल का?' एवढंच विचारा. बोली नसेल आणि १२ तासांहून जास्त वेळ उरला असेल तर विक्रेत्याला ते जोडता येतं. मग ती किंमत सगळ्यांना दिसते, जो आधी दाबेल त्याचं पेन.

सौदागर_५१
अजिबात पटलं नाही. वस्तू त्याची, निर्णय त्याचा. १२ तासांहून जास्त वेळ उरला असेल तर बोल्या रद्द करून लिलाव थांबवायची सोय ईबेनंच दिली आहे. फार तर त्याला शुल्क पडेल. शिवाय असे लिलाव कित्येकदा कवडीमोलानं संपतात. शीर्षकात '५१' नाही, फोटो अंधारात काढलेला, त्यामुळे शोधणाऱ्यांना ते सापडतच नाही. त्याला २२ डॉलर मिळाले असते तिथे मी ६० देत असेन, तर मी कुणाचा गळा कापला?

दौत_टाक
२२ हा आकडाच फसवा आहे. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम भरतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं गरजेपुरतंच, म्हणजे समोरच्या बोलीहून एक पायरी वर, चढते. एकानं कमाल ८५ भरली, तरी दिसणार ९.९९. दुसऱ्यानं २१ भरले की दिसणार २१.५०. म्हणजे पानावर साडेएकवीस दिसत असताना आत ८५ चा गिऱ्हाईक बसलेला असतो, आणि हे विक्रेत्यालाही दिसत नाही. शेवटच्या सहा सेकंदांत तिसऱ्यानं ९२ भरले की पेन ८६ ला जातं. तुमच्या ६० मध्ये विक्रेत्याचे २६ डॉलर बुडाले, आणि आधीच्या दोघांनी नियमानं लावलेली बोली फुकट गेली.

जुन्या पेनांच्या बाजारात खरी बोली शेवटच्या मिनिटातच पडते, कारण शेवटच्या क्षणी बोली आली तरी ईबेवर लिलावाची वेळ वाढत नाही. तिसऱ्या दिवशीच्या भावावरून 'कवडीमोल' म्हणणं म्हणजे पेरणीच्या आठवड्यात पिकाचा अंदाज बांधणं.

कांदाबाजार
ज्यांनी बाजार समितीत हत्ता पद्धत पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल त्यालाच बाकीच्यांनी काय भाव दिला ते कळायचं नाही. उघड लिलावाची मागणी शेतकऱ्यानं उगाच केली नाही. खासगी निरोप हा तोच रुमाल आहे.

निबवेडी
माझा आक्षेप दोघांवरही आहे. बोली नसतानाही, पेन काय आहे हे ओळखून आणि समोरच्याला ते माहीत नाही हे ओळखून कमी भाव सांगणं मला चुकीचं वाटतं. आजोबांच्या टेबलाच्या खणातून निघालेलं पेन विकणाऱ्या माणसाला 'हे प्लम आहे, शीर्षकात ५१ आणि रंग लिहा' एवढं सांगा. मग हवी तेवढी बोली लावा.

सौदागर_५१
निबवेडी, हे मान्य नाही. पारख करायला वर्षं जातात, तिची किंमत शून्य कशी? आणि धोका सगळा घेणाऱ्याचा. १९४८ च्या आधीचं व्हॅक्युमॅटिक भरणीचं (मागचा दांडा दाबून शाई भरायचं) ५१ असेल तर आतला रबरी पडदा बहुधा गेलेला असतो. तो बदलायचा, हूडखाली (निबवरच्या आवरणाखाली) वाळलेली शाई काढायची, टोपीवर ठोके असतील तर ते वेगळंच. ६० डॉलर मी चालू पेनाचे देत नाही, दुरुस्तीला आलेल्या पेनाचे देतो.

कमाल रकमेचं गणित मात्र बरोबर आहे. बोली पडल्यावर भाव सांगायचाच असेल तर दिसणाऱ्या आकड्यावर सांगू नये, एवढं मी मानतो. पण सांगूच नये, हे नाही.

निबवेडी
धोका मान्य. मग तो विचारून कमी करा, त्याला कुणाचीच ना नाही. बॅरलच्या (पेनाच्या मागच्या नळीच्या) टोकाची छोटी टोपी फिरवून निघते का? आत दांडा दिसला तर व्हॅक्युमॅटिक. बॅरल उघडल्यावर धातूची नळी आणि दाबायची पट्टी दिसली तर एरोमेट्रिक, म्हणजे पट्टी दाबून शाई भरायचं. दोन्हीचे फोटो मागा. 'हूड पिळू नका' हेही लिहा, नाहीतर उत्साहात तो तडकवून ठेवतो. उत्तर वर्णनात टाकायची विनंती करा, म्हणजे ते सगळ्यांना वाचता येईल.

दौत_टाक
सौदागर, एक गोष्ट राहिली. निरोपात फोन किंवा ईमेल देऊन 'बाहेरच उरकू' म्हणणं हा शिष्टाचाराचा प्रश्नच नाही, तो थेट नियमभंग आहे. पेन आलं नाही, किंवा वर्णनाप्रमाणे निघालं नाही, तर ईबेची पैसे परत मिळण्याची हमी बाहेरच्या व्यवहाराला लागू नाही. विक्रेताही तोंडघशी पडतो. तुमच्या शब्दावर त्यानं बोल्या रद्द केल्या आणि तुम्ही फिरलात, तर पुन्हा लावलेल्या त्याच पेनाकडे लोक 'आधी का काढलं?' म्हणून संशयानं बघतात. पहिल्या फेरीतला ८५ वाला तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

शेवटच्या १२ तासांत तर तुमचा उपायही चालत नाही. बोली असेल तर विक्रेत्याला ती रद्द करता येत नाही. लिलाव लवकर संपवायचाच असेल तर वस्तू सर्वात वरच्या बोलीवाल्यालाच द्यावी लागते.

सौदागर_५१
बाहेरच्या व्यवहाराचं मीही समर्थन करत नाही. माझा मुद्दा ईबेच्या आत राहून विचारण्यापुरता आहे, आणि तो मी सोडत नाही.

घाटमाथा
भारतातून घेणाऱ्यांना एक निरोप मात्र पाठवावाच लागतो: 'भारतात पाठवाल का, खर्च किती, ट्रॅकिंग मिळेल का?' २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं संकेतस्थळ बंद झालं, तेव्हापासून बहुतेक माल बाहेरूनच येतो. हे बोलीच्या आधी विचारा. जिंकल्यावर विचारलंत आणि त्यानं नकार दिला, तर पैसे न भरल्याची नोंद तुमच्या नावावर लागू शकते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी सातला संपणारा लिलाव आपल्याकडे सकाळी साडेसातला संपतो. तेव्हा जागेवर नसाल तर कमाल रक्कम रात्रीच भरून ठेवा.