उसांबारामधला वृक्षनेचा: देठ बघा

टांझानियाच्या उसांबारा डोंगरातल्या एका वृक्षनेच्याचा (झाडासारखं खोड असलेल्या नेच्याचा) फोटो इथे सियाथिया ड्रेगी या जातीचा म्हणून टाकला आहे. मला तो सियाथिया मॅनियाना ही दुसरी जात वाटते. पानाच्या देठाचा बुंध्याजवळचा भाग मोठा करून पाहा, काळपट, टोकदार काटे स्पष्ट दिसतात. ड्रेगीच्या देठाला असे तीक्ष्ण काटे नसतात. शिवाय त्याचं खोड चांगलं जाड असतं, फोटोतलं सडपातळ आहे.

आणि जागा तर फारच बोलकी आहे! दाट सावली, ओढ्याकाठची ओली घळ, वर सदाहरित झाडांचं छत: मॅनियानाला हेच हवं असतं. कॅमेरून, बियोको बेटापासून केनियापर्यंतच्या डोंगरी जंगलांत तो असाच पाण्याजवळ भेटतो. ड्रेगी दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग डोंगरांमध्ये उघड्या गवताळ भागातल्या ओढ्यांकाठीही उभा राहतो, थंडी आणि वणवे सोसतो. मॅनियानाला मात्र सावली हवी, म्हणून झाडांचं छत तोडलं की मॅनियानाचं काय होत असेल, याची मला खरंच काळजी वाटते.

मॅनियाना हे नाव गुस्टाव्ह मान यांच्यावरून आलं. पश्चिम आफ्रिकेत वनस्पती गोळा केल्यावर ते पुढे आसामच्या वनखात्यात होते.

पानाच्या खालच्या बाजूचा, बीजाणूंच्या ठिपक्यांचा फोटो असेल तर नक्की टाका.