अनुभव धागा: पॅकेट ऐकू येते, पण डिकोड होत नाही

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे १४५.८२५ मेगाहर्ट्झवरचे पॅकेट, म्हणजे सुरांत गुंफून पाठवलेला छोटा मजकूर, टिपण्यासाठी मी हॅण्डीचे (हातात मावणाऱ्या रेडिओचे) इअरफोन सॉकेट लॅपटॉपच्या साउंड कार्डाला जोडले. स्थानक डोक्यावरून जाते त्या आठ-नऊ मिनिटांत पॅकेटांची घर्रघर्र स्पष्ट ऐकू येत होती, तरी डायरवुल्फमध्ये (आवाजातून पॅकेट उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकही ओळ उमटली नाही. मी अँटेना बदलून पाहिली. दोष निघाला स्क्वेल्चचा, म्हणजे सिग्नल नसताना रेडिओचा आवाज बंद ठेवणाऱ्या सोयीचा. तो उघडायला लागणाऱ्या क्षणभरात पॅकेटचा आरंभ, म्हणजे पत्ताच, कापला जात होता, आणि शेवटची १६ बिटांची तपासणी जुळली नाही की सॉफ्टवेअर सगळे पॅकेट मुकाट्याने टाकून देते. आता मी स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवतो. खरखरीबद्दल घरच्यांची बोलणी खावी लागतात, एवढेच. आपल्याला साउंड कार्डाने कुठे चकवले, ते सविस्तर लिहावे.

ठाण्याहून
माझ्या लॅपटॉपला लाइन-इन नाही, फक्त माइकचे सॉकेट आहे. माइकला काही मिलिव्होल्ट पुरतात आणि इअरफोनमधून त्याच्या शेकडोपट येतात, त्यामुळे लहरींचे माथे सपाट कापले जात होते. १०० किलोओहम आणि १ किलोओहमचे दोन रोधक लावून सिग्नल शंभरपटीने उतरवला, माइक बूस्ट बंद केले, आणि डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटसोबत दाखवतो ती ऑडिओ पातळी ५० च्या आसपास आणली.

नाशिकहून
विंडोजमधील गोंगाट कमी करण्याची सोय आधी बंद करावी, कारण तिच्या लेखी पॅकेट म्हणजेच गोंगाट.

पुण्याहून
वरील सगळे करूनही माझ्याकडे काही स्थानकांची (पॅकेट पाठवणाऱ्या हौशी रेडिओ केंद्रांची) पॅकेटे नेमाने येत आणि काहींची कधीच येत नसत, हे कोडे मला फार दिवस सुटले नव्हते. १२०० बॉडच्या (सेकंदाला १२०० संकेत या वेगाच्या) पॅकेटमध्ये १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर असतात. बोलणे कानाला बरे वाटावे म्हणून एफएम रिसीव्हर स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजातील उंच सूर दाबतो, त्यामुळे २२०० चा सूर १२०० च्या तुलनेत सुमारे ५ डेसिबलने खाली जातो. पाठवणाऱ्याने तो आधीच तेवढा उचललेला असेल तर हिशेब जुळतो, नसेल तर एक सूर दुबळा पडतो. मी रिगच्या (टेबलावरच्या मोठ्या रेडिओच्या) मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटातील ९६०० च्या पिनेवरून न दाबलेला आवाज घेतला, तेव्हा हरवलेली स्थानके दिसू लागली. पण आधी नीट येणाऱ्यांपैकी एक-दोन डळमळली, कारण त्यांचा उंच सूर आता वाजवीपेक्षा जास्त झाला होता. म्हणजे एकच जागा सर्वांना मानवत नाही. शेवटी सुरांच्या वेगवेगळ्या प्रमाणांसाठी डायरवुल्फमध्ये अनेक डिकोडर समांतर चालवले. कानाला मात्र ही सगळी पॅकेटे सारखीच वाटतात, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

कोल्हापूरहून
पॅकेटांसोबत गुणगुण ऐकू येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढला की ती थांबते का, एवढे पाहावे. माझी थांबली. पुढे जुन्या डायल-अप मोडेममधून काढलेला ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर रेडिओ आणि लॅपटॉपच्या मध्ये, दोघांची थेट विद्युत जोडणी तोडायला, बसवला, तेव्हापासून चार्जर लावूनही पॅकेटे येतात.

रत्नागिरीहून
माझी चूक लिहायला थोडा संकोच वाटतो. लॅपटॉपला हेडसेटचे चार कड्यांचे एकच सॉकेट आहे आणि मी त्यात साधी स्टिरिओ पिन घातली होती, म्हणजे वायर माइकच्या कड्यापर्यंत पोहोचतच नव्हती. तरीही अधूनमधून दोन-तीन पॅकेटे उमटत, त्यामुळे वायरीवर संशयच आला नाही. एकदा मी लॅपटॉपच्या कडेवर नखाने टकटक केली आणि पातळीचा पट्टा उसळला. ती पॅकेटे लॅपटॉपचा आतला माइक टेबलावरच्या हॅण्डीच्या स्पीकरवरून ऐकत होता.