विषय: नेरूळचे पोहे, टोरंटोची अकरावी इनिंग

नेरूळहून, रविवार २ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:१०

नमस्कार मंडळी,

आत्ताच लॅपटॉप मिटला. तिकडे न्यू जर्सीत, आपल्या एडिसनला, मध्यरात्र उलटली असेल, पण निम्मं मंडळ जागं असणार याची खात्री आहे. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना! इथे साडेपाचला, अंधारातच, आईच्या हातचा चहा घेऊन बसलो. संपला तेव्हा पावणेदहा वाजले होते. लॉस एंजेलिसचे डॉजर्स ५, टोरंटोचे ब्लू जेज ४, नेहमीच्या नऊऐवजी अकरा इनिंग्ज.

माझ्यासारख्याच तिकडून दिवाळीला आलेल्या ताई ठाण्यातून मला सतत ऐकवतायत, की बेसबॉल म्हणजे नुसतं उभं राहून च्युइंगगम चघळणं. म्हणून हे मुद्दाम त्यांच्यासाठी. नवव्या इनिंगला डॉजर्स ३-४ मागे, अजून दोन जण आउट झाले की हरले. फलंदाजीला मिगेल रोहास, यादीतला शेवटचा. होमरनसाठी कोणी त्याच्याकडे बघत नाही. त्याने चेंडू टोलवला तो थेट प्रेक्षकांत, ४-४! मग त्याच इनिंगच्या उत्तरार्धात जेजचे तिन्ही बेस भरलेले, एक धाव आली की करंडक त्यांचा. चेंडू नेमका रोहासकडेच आला. त्याने तोल सावरत, धाव पूर्ण होते त्या होम प्लेटकडे फेकला आणि रनर वीतभर आधी आउट. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, सगळं बरं आहे ना?

शेवटी चेंडू कोणाच्या हातात होता, तर डॉजर्सचा पिचर (गोलंदाज) यामामोटोच्या. आदल्याच रात्री सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकले होते.

ताई, या खेळात पुढे असलेल्या संघाला कोपऱ्यात चेंडू दाबून वेळ काढता येत नाही. समोरच्याला त्याच्या वाट्याचे २७ आउट (नऊ इनिंग्ज, दर इनिंगला तीन) द्यावेच लागतात. तोवर दार उघडं. तुमच्या सॉकरमध्ये हे कुठे आहे?

ठाण्याच्या नौपाड्याहून, सकाळी १०:५०

अरे, आधी ते ‘सॉकर’ बंद कर. पावसाळ्यात सेक्टरच्या मैदानात चिखल तुडवत होतास, तेव्हा पोरांना ‘चला सॉकर खेळू’ म्हणून हाका मारायचास का?

आणि दार उघडं असण्याचं म्हणशील, तर तुझ्या गच्चीवरून दिसतं ते डी. वाय. पाटील स्टेडियम बघ. ६ फेब्रुवारी २०२२, महिला आशियाई चषकाची फायनल. मध्यंतराला कोरिया २, चीन ०. शेवटी चीन ३, कोरिया २, आणि तिसरा गोल नव्वद मिनिटं संपल्यावरच्या जादा वेळात. घड्याळ पळत असतं म्हणूनच तर जीव टांगणीला लागतो. तुमच्याकडे घड्याळच नाही, मग घाई कसली आणि धडधड कसली?

त्याच मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ ला मी लेकीला घेऊन गेले होते. १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल, स्पेन आणि कोलंबिया. ८० मिनिटं झाली तरी शून्य-शून्य, आणि एकदाही मोबाइल बघावासा वाटला नाही. मग ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच मुलीकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला. सामना तिथेच ठरला. ट्रेनमध्ये ठाण्यापर्यंत लेक एकच विचारत होती, ‘आई, तिला शाळेत कोणी बोलणार नाही ना?’ एका गोलाला एवढं वजन असतं. तुमच्या पाच-चारमध्ये ते वाटलं जातं रे.

आणखी एक. याच मालिकेतल्या परवाच्या अठरा इनिंग्जच्या सामन्यात डॉजर्सच्या त्या ओहतानीला मुद्दाम चार वेळा फुकट बेसवर पाठवलं. घाबरून खेळायलाच द्यायचं नाही? आमच्या गल्लीत असं केलं असतं तर ज्याची बॅट तो ती घेऊन घरी गेला असता.

एडिसनहून, रात्री १:५०

दोघांनाही आशीर्वाद. झोप तर गेलीच आहे, तर दोन गोष्टी सांगतो.

‘सॉकर’ हा शब्द अमेरिकेचा नव्हे, खुद्द इंग्लंडचा. ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या ‘असोसिएशन’चं तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेलं ते लाडकं रूप. तेव्हा ताई, त्याला एवढ्यापुरतं माफ कर.

आणि बेसबॉलवाल्यांनी क्रिकेटला नाकं मुरडू नयेत. १८६९ साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघडपणे पगारी बेसबॉल संघ बांधला तो हॅरी राइटने. जन्म शेफील्डचा, आणि मुळात तो क्रिकेटपटू. उलट फिलाडेल्फियाचा बार्ट किंग आधी बेसबॉलचा पिचर. तो चेंडू असा वळवायचा, की १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ८७ बळी घेतले आणि त्या मोसमात गोलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. आपल्यापासून दीड तासावरचा माणूस! ठाण्यात सेंट्रल मैदानाच्या कडेला उभं राहून क्रिकेट बघणाऱ्या मला हे एडिसनला येऊन वीस वर्षांनी कळलं, तेव्हा रात्रभर वाचत बसलो होतो.

नेरूळहून, दुपारी १२:१५

काका, बार्ट किंगबद्दल आणखी लिहा.

ताई, त्या अठरा इनिंग्जच्या दिवशी सामना इथे साडेपाचला सुरू झाला आणि सव्वाबारानंतर संपला. दोन चहा, पोहे, आणि शेवटची इनिंग वरणभातावर. फुकट बेसचं म्हणाल, तर त्यात भित्रेपणा नाही. बेसवर गेलेला माणूस म्हणजे डोक्यावरचं कर्ज. मागच्याने एक चांगला फटका मारला की ते व्याजासकट फेडावं लागतं. बेसवरून पळणारा रनर बघताना मला तर कबड्डी आठवते: अंग झोकून रेषेला बोटं टेकवायची, बस्स. तुम्ही शाळेत कबड्डी खेळलात, तुम्हाला हे माझ्याआधी कळायला हवं.

पण त्या कोलंबियाच्या मुलीचं वाचून मी थांबलो. तिचं काय झालं असेल?

नौपाड्याहून, दुपारी १२:४०

मलाही अजून वाटतं, कळायला हवं होतं.

बरं, आता पैज. १९ जुलैला फुटबॉल विश्वचषकाची फायनल आपल्याच न्यू जर्सीत, ईस्ट रुदरफर्डला. दुपारी तीनपासून माझ्याकडे यायचं, लॅपटॉप घरी ठेवून. बदल्यात मी एक पूर्ण बेसबॉल सामना बघेन, अठरा इनिंग्ज झाल्या तरी.

नेरूळहून, रात्री १२:३०

कबूल.

गच्चीवरून लिहितोय. आज इथे महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल होती, पावसामुळे पाचला सुरू झाली. डी. वाय.कडून गर्जना आली तेव्हा घरातल्या टीव्हीवर हरमनप्रीत अजून झेलासाठी मागे धावतच होती. आपण जिंकलो हे आईला तिने झेल घेण्याआधीच कळलं! ५२ धावांनी. खाली सगळा सेक्टर रस्त्यावर उतरलाय.

मंगळवारी लेकीला घेऊन नेरूळला या. एडिसनहून दोन ग्लोव्ह्ज आणलेत, तिला कॅच कसा घ्यायचा ते शिकवतो. फुटबॉल तुम्ही आणा.